पायाशी न चालणारे मणी

कागदाचा मणी करायला फार काही लागत नाही. जुना कागद, कात्री, दाभण, चिंचोक्याची खळ आणि वाळवायला एक सूप. चकाकी हवी असेल तर जवसाच्या तेलात राळ विरघळवून केलेलं रोगण. शिवणवर्गातल्या मुलींना मी हेच सांगते, याच क्रमानं सांगते. कागद कुठला घ्यायचा हे सगळ्यांत शेवटी सांगते, कारण तिथं माझं बोलणं लांबतं.

आमचं गाव तेरणेच्या काठी, माकणीच्या वरच्या अंगाला. राज्य निजामाचं, कागदपत्रं उर्दूत. दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आम्हाला ती कळली ती बाजारात. आधी रॉकेल कमी झालं, मग सुया मिळेनात, मग काचेचे मणी आणि जरीचा गोटा यायचा बंद झाला. माझी आई गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची. शेजारची चाची मुसलमानांकडचे कुर्ते आणि दुपट्टे शिवायची. दोन्ही घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावर दोघींची मिळून एकच कात्री असायची. जिला लागेल तिनं उचलायची, काम झालं की परत भिंतीवर.

चाचीचे यजमान लवकर गेले होते. घरात ती, तिची मुलगी आणि म्हातारे सासरे. मुलीला मी आपा म्हणायची आणि सासऱ्यांना सगळं गाव बडे अब्बा म्हणायचं. बडे अब्बांची सगळी नोकरी तहशिलीत नकला करण्यात गेली होती. कुणाच्या जमिनीचा, कुणाच्या वारसाचा कागद असो, त्याची दुसरी प्रत बोरूनं हातानं उतरवायची. एखादं अक्षर चुकलं की ती नकल बाद. बाद नकला ते घरी आणायचे. अशा कागदांची एक लोखंडी पेटी भरली होती.

तेरखेड्याचे दारूवाले रद्दी घ्यायला गावोगाव फिरत. फटाक्याच्या नळ्या वळायला त्यांना कागद लागे. ते दर वर्षी बडे अब्बांच्या दारात उभे राहायचे आणि दर वर्षी तसेच परत जायचे.

"म्हातारबाबा, पेटीत उधई लागंल, मग काय करताल?"

"उधई खाईल तर खाऊ दे. ती भुकेनं खाते. तुमच्या दारूत उडायला म्या लिहिलं न्हाय."

आपाचं लग्न येडशीच्या एका घरात ठरलं होतं. चाचीला तिच्या आईनं मणी लावून कपडा शिवून दिला होता, म्हणून तिलाही आपाचा लग्नाचा जोडा, म्हणजे लहंगा, कुर्ती आणि दुपट्टा, स्वतःच्या हातानं मण्यांचा करायचा होता. मणी तर बाजारात नव्हते. तेव्हा चाचीनं सासऱ्यांकडं पेटी मागितली. बडे अब्बांनी दोन वेळची जेवणं होऊ दिली. मग किल्ली आणून सुनेपुढं ठेवली आणि एकच अट घातली. ज्या कागदावर अल्लाचं नाव असेल तो कापायचा नाही.

चाचीला वाचता यायचं. ती एकेक कागद उजेडाकडं धरून बघायची. नाव असलेला कागद खुंटीवरच्या पांढऱ्या पिशवीत जायचा. पिशवी भरली की बडे अब्बा ती तेरणेच्या वाहत्या पाण्यात सोडणार होते. उरलेला कागद भिंतीवरून आईकडं यायचा. आई पट्ट्या कापायची, मी दाभणावर गुंडाळायची. लांब निमुळती तिकोनी पट्टी घेतली की मधे फुगीर मणी होतो, सरळ पट्टी घेतली की नळी होते. कापून राहिलेले तुकडे आई मेथीबरोबर भिजत घालायची आणि त्या लगद्याच्या गुंड्या थापायची. वाया काही जायचं नाही.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. आईला मराठी अडखळत वाचता यायचं, उर्दू अजिबात नाही. आमच्या घरी छापील कागदाला पाय लागला तर लगेच हात लावून डोळ्यांना लावायची रीत होती. पण उर्दूचा कागद आईला अक्षरांचा वाटायचाच नाही. तिला त्यात वेलबुट्टी दिसायची. "काय वळण हाय बघ," ती म्हणायची, "हातानं काढलंय असं वाटत न्हाय." त्यामुळं पट्टी गुंडाळताना शेवटचा वेढा असा यायला हवा की चांगली वेलबुट्टी वर राहील, अशी तिची ताकीद असे. चाची त्यावर हसायची.

"वहिनी, ती कुणाच्या विहिरीच्या वाटणीची भांडणं हैत. तुमी दागिना करायलाव."

"भांडणाचं तर भांडणाचं. दिसायला तर गोड हाय."

चाचीचा खोकला त्याच वर्षी लागला. काढे झाले, मग हकीम झाला. हकीम जाताना बडे अब्बांना अंगणाच्या कडेला घेऊन गेला आणि त्यानंतर लग्नाची तारीख अलीकडं ओढली गेली. कारण कुणी विचारलं नाही. चाचीनंच आईला भिंतीवरून सांगितलं.

"मला पोरगी त्या जोड्यात जाताना बघायचीय. बस्स, तेवढंच. पुढचं वरच्याची मर्जी."

"असं वंगाळ बोलू न्हाय."

"वंगाळ काय त्यात? अर्धा कपडा टाकून गेले तर तुमीच नावं ठेवताल."

आई हसली नाही. तिनं कात्री उचलली आणि कामाला लागली.

दुपट्टा आणि कुर्ती होत आली तोवर चाचीला बाजेवरून उठवेना. राहिला होता लहंग्याचा घेर. कागद निवडायला आता कुणी नव्हतं. बडे अब्बांना जवळचं नीट दिसायचं नाही, चष्म्याची एक काच फुटली होती आणि दुसरी मिळत नव्हती; एका काचेवर पेटीभर कागद निवडणं होईना. आपाला हळद लागायची होती, तिला कामाला हात लावू देत नव्हते. आईनं चाचीला विचारलं, "नाव कुठं असतंय ते सांगा, म्या तेवढं बाजूला काढीन." चाची खोकत होती. तिनं हातानं कागदाच्या माथ्याकडं दाखवलं.

आईनं ते अगदी मनापासून पाळलं. प्रत्येक कागदाचा माथा दोन बोटं कापून पांढऱ्या पिशवीत घातला. आणि उरलेल्या कागदातून घेराच्या नळ्या केल्या. घेराला सगळ्या नळ्या सारख्या दिसायला हव्यात, एकीवर एक वेलबुट्टी आणि दुसरीवर दुसरी असं चालत नाही. म्हणून ती कागदांतून सारखी येणारी नक्षी शोधायला बसली. तिला एक सापडली. उभ्या तीन काड्या आणि शेवटी एक छोटी गाठ. पुष्कळ कागदांत ती कुठं ना कुठं होती, आणि दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त निगुतीनं काढलेली होती. आईनं तेवढेच तुकडे निवडून काढले आणि प्रत्येक नळीच्या शेवटच्या वेढ्यावर तीच नक्षी वर आणली. वर हलकं रोगण. मी सुपात त्या नळ्या उलटसुलट करून वाळवल्या. इतकं नीट काम आम्ही आधी कधी केलं नव्हतं.

घेर पुरा झाला तेव्हा आईनं लहंगा चाचीच्या घरी नेला आणि चटईवर पसरला. आईनं पदर डोक्यावरून पुढं घेतला होता. बडे अब्बा बाजेजवळ बसले होते. नातीच्या जोड्याची कड त्यांनी हातात घेतली, चांगली काच असलेला डोळा जवळ नेला आणि बराच वेळ एका नळीवर बोट ठेवून राहिले. मग दुसरीवर ठेवलं, मग तिसरीवर. मग त्यांनी चटईवरचा आपला पाय मागं ओढून घेतला.

"हे कुणी केलं?"

"म्या," आई म्हणाली. ती शाबासकीची वाट बघत होती, हे मला तेव्हाही दिसत होतं.

"बेटी, तुला ठावं हाय का हे काय हाय?"

आईनं मान हलवली.

"त्याचं नाव हाय. समद्यांवर. माथ्यावरचं तू काढलंस. पण माणसांच्या नावातबी ते असतंय. अर्ध्या गावाच्या नावात हाय." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझंच अक्षर हाय. हा एक लफ्ज म्या कधी घाईनं लिहिला न्हाय. आणि तो माझ्या नातीच्या पायाशी लावलास."

आईनं लहंगा गोळा करायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. आता त्याला हात लावावा की न लावावा, हेच तिला कळेना.

"लगीन ह्या कपड्यात व्हायचं न्हाय," बडे अब्बा म्हणाले. "कपड्यांच्या पेटीतला साधा जोडा काढा."

बाजेवरून चाचीचा आवाज आला. मला वाटलं होतं ती झोपलीय.

"अब्बा, पायाशी चालायचं न्हाय, व्हय ना?"

"न्हाय."

"मग माथ्यावर चालंल?"

बडे अब्बांनी बाजेकडं मान वळवली.

"दुपट्ट्याची कड माथ्यावर येती. तिथं लावा. घेर कोरा राहू द्या."

"बहू, त्याला सुई टोचलीय."

"सुई कापडाला टोचलीय, अब्बा. नळीला भोक आधीच होतं. दाभणाचं." तिला दम लागला. थोडं थांबून ती पुढं म्हणाली, "वहिनींनी समद्या कागदांतनं तेवढंच चांगलं म्हणून काढलं. वाचता येत न्हाय त्यांना. तरी तेच काढलं. तुमी बघा आता."

बडे अब्बा उठून अंगणात गेले. आई तिथंच बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ती नळ्या मोजल्यासारखी घेराकडं बघत होती. जोडा झाला नाही तर चाचीनं मागितलेली एकच गोष्ट व्हायची नव्हती, आणि ते आपल्यामुळं, एवढंच तिच्या डोक्यात असणार.

बडे अब्बा हातपाय धुऊन आत आले. त्यांच्या हातात जेवणाची पितळी थाळी होती, घासून लखलखीत केलेली. ते आईसमोर खाली बसले आणि थाळी घेराच्या खाली धरली.

"उसव," ते म्हणाले. "एकबी जमिनीवर पडायला नको."

आईनं उसवायला सुरुवात केली. दोरा तोडायचा, नळी थाळीत. नळ्या कागदाच्या असल्यानं थाळीत पडताना आवाज होत नव्हता. म्हाताऱ्याचे हात भरून आले की ती थांबायची, ते म्हणायचे, "चालू दे." मी दिवा सरकवून द्यायची. सगळा घेर कोरा झाल्यावर आईनं त्याच नळ्या दुपट्ट्याच्या पुढच्या कडेला ओवून घेतल्या. जिथं आधी फुगीर मणी होते ते काढून खांद्याकडं नेले. कड जड झाली म्हणून आतून पातळ कापडाची पट्टी लावली. हे मी आजही तसंच करते, मण्यांचा भार असेल तिथं आतून पट्टी.

निकाह झाला त्या दिवशी चाचीला दोन उशा लावून बसवलं होतं. तिला आता लांबचं नीट दिसत नव्हतं. आपा निरोप घ्यायला आली आणि चाचीच्या पुढ्यात वाकली. चाचीनं दुपट्ट्याची कड दोन बोटांत धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक नळी चाचपत गेली. मग आईकडं तोंड करून म्हणाली, "पक्कं बसवलंत." एवढंच. येडशीच्या बायका मात्र आपसांत कुजबुजत होत्या की घेर कोरा कसा ठेवला. पुढं आमच्याच गावात एक-दोन लग्नांत घेर कोराच ठेवलेला मी पाहिला. लोकांना वाटलं, तशी रीतच असेल.

चाची पावसाळा संपायच्या आत गेली.

पांढरी पिशवी खुंटीवरच होती. एके दिवशी बडे अब्बा ती घेऊन आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "चल बेटी, यात अर्धे माथे तुझ्या हातचे हैत." आम्ही तिघं तेरणेवर गेलो. पाण्याला ओढ होती. कागद सुटे होऊन पुढं गेले, शाई पाण्यात उतरली.

आमच्या घरी आल्यावर बडे अब्बांनी बोरू आणि दौत मागवली आणि एका स्वच्छ चिटोऱ्यावर तो एक शब्द लिहिला. उभ्या काड्या, शेवटी गाठ. आईला दाखवून म्हणाले, "उंच लाव." आईनं तो देवळीच्या वर, हात पुरेल तिथं चिकटवला.

पुढं राज्य बदललं. बडे अब्बा नातीकडं येडशीला गेले आणि तिकडंच राहिले. कचेऱ्यांतले उर्दू कागद रद्दीत निघाले आणि वाण्याकडं पुड्या बांधायला आले. जिरं, हिंग, सुपारी, सगळं त्यातूनच यायचं. आईला उर्दू कधीच आलं नाही. पण पुडी सोडली की ती आधी कागद पसरायची, देवळीकडं एकदा बघायची आणि ओळीओळीतून बोट फिरवायची. सापडलं की कागद खुंटीवरच्या पिशवीत. पिशवी नवी होती, तिनंच शिवलेली.

ती भरली की आई एकटीच तेरणेवर जायची.