क्षय संवत्सरातली घासाघीस

साठ संवत्सरांच्या माळेतलं शेवटचं नाव क्षय. ते वर्ष चालू होतं आणि मलाही साठावं लागलं होतं. आजोबा आणि बाबा दोघेही साठाव्यातच गेले होते. बाबांचं तेरावं होताच चुलतभावाने आमची कोरगावची काजूबाग बळकावली. मी डिचोलीला हमाली करत करत काजूचं दुकान उभं केलं. मला मूलबाळ नव्हतं. आता तोच भाऊ दर बाजाराला येऊन दुकान न्याहाळत म्हणायचा, "अशक्त दिसतस रे!"

गोव्याच्या राजभाषेच्या आंदोलनात रस्ते अडले, बाजार बंद पडला. रिकाम्या दुकानात मी बोटांवर वर्षं मोजत बसायचो. शेवटी एका सकाळी मी भटजींकडे गेलो.

"भटजी, दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो. बारा महिन्यांचं एक वर्ष धरलं तर माझी साठी केव्हाच भरली. घात टळला म्हणा."

ते हसले. "शेट, ही काजीची पोती न्हय. अधिक मास वर्षाच्याच पोटात जाता."

"आणि मी जगलो ते महिने? ते फुकट?" मी ओरडलो.

"फुकट न्हय. पूण वेगळे धरूंक मेळना."

"निदान अर्धे तरी धरा."

त्यांनी पंचांग मिटलं.

बाजार उघडला त्या दिवशी मी बायकोला गल्ल्यावर बसवलं. "आजच कित्याक?" तिने विचारलं. "शिकून घे," म्हणून मी खेकसलो. कारण सांगायची छाती झाली नाही.