हणमंताचा रविवार

हणमंत गेल्याचं कळलं तेव्हा मी वडूजच्या दुकानात बियाणं जोखत होतो. शेजारच्या जगूतात्यांनी येऊन सांगितलं, वैरण कापता कापता बांधावर बसला तो उठलाच नाही. माझ्या मनात पहिला विचार कोणता यावा? आता आण्णा रडतील... आणि मी गेलो असतो तर एवढे रडले असते का? मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. पण जन्मभर पोसलेला हेवा असा एका दिवसात कसा सुटावा.

आण्णा म्हणजे माझे वडील, ब्रह्मदेशात लढून आलेले. पोरगं फौजेतच जाणार हे त्यांनी माझ्या बारशालाच ठरवून टाकलं होतं. साताऱ्याला भरतीला मी आणि माझा लहानपणापासूनचा सोबती हणमंत एकाच ट्रकमधून गेलो. माझं वजन कमी भरायचं, म्हणून मैदानाबाहेर डझनभर केळी खाल्ली आणि वर तांब्याभर पाणी रिचवलं. काटा खूश झाला. पुढं पळायचंही असतं हे मात्र मी विसरलो होतो. दुसऱ्याच फेरीला ती सगळी केळी सुभेदारसाहेबांच्या चकचकीत बुटांवर आली. हणमंत भरती झाला आणि थेट येऊन आण्णांच्या पाया पडला. त्याच्या पाठीवर हात ठेवून ते मला म्हणाले, "केळी खाऊन लढाई हुती व्हय रं?"

एकाहत्तरच्या लढाईत तो पूर्वेला होता. इकडं मी तापानं फणफणलेलो आणि आण्णा रेडिओला कान लावून बसलेले. आईनं डॉक्टर आणा म्हटलं की म्हणायचे, बातम्या संपू देत. उजव्या हाताची बोटं गमावून हणमंत परतला, तेव्हा गावानं त्याला वेशीपासून वाजतगाजत आणलं. तिकडं काय काय झालं विचारलं, तर म्हणाला, "लय चिखल हुता गड्या." बस्स, एवढंच. त्याच्या जागी मी असतो तर जन्मभर सांगत हिंडलो असतो.

पुढं आण्णांचे हात थरथरू लागले, तसा दर रविवारी सकाळी तो त्यांची दाढी करायला येऊ लागला. रेझर डाव्या हातात, म्हणून त्याची तिवई आण्णांच्या डाव्या अंगाला. दोघांचं मोडकं फौजी हिंदी चालायचं, मध्येच दोघं खदखदून हसायचे, आणि चहा नेऊन द्यायला मी. एकदा म्हटलं, आज मी करतो. आण्णा म्हणाले, त्याला येऊ दे.

तो गेल्यावर आण्णांनी दाढी तशीच वाढू दिली. न्हाव्याला दारातून माघारी लावलं. परवाच्या रविवारी मात्र स्वतःच साबण लावून बसले आणि मला हाक मारली. मी उजवीकडं उभा राहिलो. त्यांनी डोळे मिटून तोंड डावीकडं वळवलं, रिकाम्या तिवईकडं. मी गुमान पलीकडं जाऊन तिवईवर बसलो आणि, का कोण जाणे, रेझर डाव्या हातात धरला. व्हायचं तेच झालं. हनुवटीवर रक्त आलं. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून बसलो.

आण्णांनी बोट लावून पाहिलं.

"हणमंतानं पयल्या दिवशी चार जागी कापलं हुतं," ते म्हणाले. "तुजं येकच हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी हणमंताच्या पुढं गेलो होतो. आणि हे ज्याला जाऊन चिडवत सांगावं, तो एकच माणूस गावात नव्हता.