मावशीचा टेबलक्लॉथ

लेकीच्या शाळेत दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज लेखिकेची कादंबरी लावली होती. त्यातल्या मुली दिवाणखान्यात बसून भरतकाम करतात आणि स्थळांची वाट बघतात. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून मी डिस्कव्हरी गार्डन्सच्या आमच्या फ्लॅटवर पोचले की त्यावर व्याख्यान झोडायचे. टाके बघून मुलगी पसंत करायची म्हणजे काय! बाईच्या बुद्धीला काही किंमत आहे की नाही! लेक "येस मम्मा" म्हणायची आणि फोन बघत राहायची.

सासूबाई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्याही शांतपणे ऐकायच्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नसे. वीस वर्षांपूर्वी त्या मला बघायला आल्या, तेव्हा पोह्यांच्या बशा ज्या टेबलक्लॉथवर मांडल्या होत्या तो "हिनंच भरलाय" असं माझ्या आईनं ठोकून दिलं होतं. भरला होता माझ्या मावशीनं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बटण तुटलं की सेफ्टी पिन लावायचे. तोच टेबलक्लॉथ आता इथे आमच्या डायनिंग टेबलावर होता, आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "आमच्या सुनेचा हात आहे हो."

अशात शाळेचं फर्मान आलं: त्या काळचा पोशाख घालून यायचं, आणि घरच्या कुणाकडून तरी शिकून रुमालाचा एक कोपरा हातानं भरून आणायचा.

"आजी सेज यू आर द बेस्ट," लेक म्हणाली. "टीच मी, मम्मा."

मी खालच्या टेलरकडे धावले. तो म्हणाला, "मॅडम, हाथ का काम खलास. मशीन का ले लो." शेवटी व्हिडिओ बघून मीच सुई धरली. लेक शेजारी, सासूबाई समोर. चौथ्या टाक्याला रुमाल माझ्या कुर्त्याला शिवला गेला.

सासूबाईंनी कात्री आणून मला सोडवलं. एसी चालू असून मला घाम फुटला होता.

"आई, तो टेबलक्लॉथ मी..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पोहे खाताना मी कोपरा उलटून बघितला होता. सगळे टाके डाव्या हाताचे. तू फोन नंबर लिहून दिलास तो उजव्या हातानं."

"मग सगळ्यांना कशाला सांगत होतात?"

"तुझ्यासमोरच सांगायचे. म्हटलं, कधीतरी बोलशील."

मला इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं. लेकीनं पहिल्यांदाच फोन खाली ठेवला.

"वेट. मम्मा, यू लाइड टू गेट मॅरीड?"

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "खोटं तिची आई बोलली. ही नुसती गप्प बसली."

त्यांनी माझी बाजू घेतली म्हणून मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी सुईत दोरा ओवला, रुमाल लेकीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वीस वर्षं."