सोळाशे मीटरचा नाद

मॅरेथॉनच्या तयारीत सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी बत्तीस किलोमीटरची लांब धाव सांगणार नाही. शेवटचे तीन आठवडे सांगेन. कारण त्या तीन आठवड्यांत पळायचंच नसतं. म्हणजे पळायचं, पण आधीच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं, आणि शेवटच्या आठवड्यात तर नुसतं जाऊन आल्यासारखं करायचं. पाय ताजे राहिले पाहिजेत म्हणे. मोबाइलवर उतरवून घेतलेल्या तक्त्यात तसं स्वच्छ लिहिलं होतं. पाच महिने मी त्या तक्त्याचं मुकाट्याने ऐकलं. पलूसजवळच्या आमच्या गावातून पहाटे कालव्याच्या रस्त्याला लागायचो, उसाच्या ट्रॉल्यांची धूळ खायचो, कुत्री अंगावर घ्यायचो, कुरकुर केली नाही. पण ‘विश्रांती’ हा शब्द आला आणि माझं डोकं फिरलं.

वय एक्केचाळीस, नोकरी कडेगावला सरकारी कचेरीत कारकुनाची. टेबलाखाली माझे पाय एकसारखे हलायला लागले. शेजारी बसणारा सहकारी दोन दिवस गप्प राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “गड्या, जरा दम धर. टेबल हलतंय, माझी सही वाकडी येतीया.” घरीही तेच. पळायचा दिवस नसला तरी सवयीने पहाटे डोळे उघडायचे आणि पुढे करायला काही नसायचं. मी मोटारसायकल धुतली. दुसऱ्या दिवशी परत धुतली. मग स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हा बायकोने हात जोडले. “आवं, एकतर पळायला तरी जावा, न्हाईतर मला माहेराला तरी जाऊ द्या.”

रोज नवीन दुखणं निघायचं. आज गुडघा, उद्या टाच, परवा घशात खवखव. कुणी शिंकलं की मी दहा पावलं लांब. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, “काय, सोडलं व्हय पळायचं?” आमच्याकडे पळणं बंद झालं म्हणजे माणूस आजारी तरी पडला किंवा त्याने हाय तरी खाल्ली, तिसरा अर्थ नाही. मी विश्रांतीचं शास्त्र समजावून सांगायचो. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या चौकात जाऊन सांगायचा, गडी ढिला पडला.

या सगळ्यांचं मला काही वाटलं नसतं. पण आबांचं वाटायचं. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून घरी आलेले. मी पळून आलो की ते ओट्यावर चहा पीत बसलेले असायचे. माझ्याकडे एकदा बघायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा बघायचे, आणि बोलायचे काहीच नाहीत. आता मी फारसा पळत नव्हतो, तरी ते तसेच बघायचे. खरं सांगायचं तर मी त्या नजरेसाठीच पळत होतो. लोकांना सांगायचो वजनासाठी, साखरेसाठी, तब्येतीसाठी. सगळं खोटं.

अठरा वर्षांचा असताना मी फौजेच्या भरतीला उभा राहिलो होतो. आमच्या भागात पळणं म्हणजे सोळाशे मीटर. मैदानाचे चार फेरे, जीव तोडून. वेळ संपली की शिपाई शेवटच्या रेषेवर दोरी आडवी धरतात. आत राहिला तो पास, दोरीला अडला तो घरी. मी पाच-सात पावलांनी अडलो. दोरी पोटाला लागली ती अजून आठवते. आबा कुंपणाबाहेर उभे होते. परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत बसले. त्या दिवसापासून भरती हा शब्द आमच्या घरात निघाला नाही. तेवीस वर्षं! मी त्या गप्प राहण्याचा एकच अर्थ लावला होता, आणि बेचाळीस किलोमीटर पुरे करून मला तो पुसायचा होता.

साताऱ्याच्या स्पर्धेला अकरा दिवस उरले असताना मी चूक केली. असली चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. संध्याकाळी कचेरीतून येताना शाळेच्या मैदानावर थांबलो. तिथे भरतीची तयारी करणारी पोरं रोज सोळाशे मारतात. मी नुसता बघत होतो. त्यातला एक म्हणाला, “काका, तुमचं ते लांब पळणं म्हंजे गाय चरायला सोडल्यावानी. सोळाशे मारून दावा की.”

शहाण्या माणसाने हसून गाडीला किक मारली असती. मी घड्याळ त्याच्या हातात दिलं.

पहिले दोन फेरे तर मी उडत होतो. दहा दिवसांची कोंडलेली वाफ होती ती. तिसऱ्या फेऱ्यात छातीत आग पेटली आणि चौथ्यात पोटरीत आतून कुणीतरी चिमटा काढावा तसं झालं. थांबलो का? छे! दात खाऊन रेषा गाठली. पोराने घड्याळ बघितलं आणि बेताने सांगितलं, “काका, न्हाई बसत.” चाळीस सेकंद जास्त झाले होते. घरी आलो तो लंगडत.

आबांनी मला ओट्याच्या पायरीवरच बसवलं. काय झालं ते विचारलं नाही. तेल कोमट करून आणलं, खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागले. पंच्याहत्तरीचा म्हातारा माझ्या पायाशी बसलेला. माझा तोल गेला. दहा दिवसांचं काय, सगळ्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं.

“आबा, बोला की काहीतरी! शिव्या घाला. तवाबी बोलला न्हाई, आताबी न्हाई. मी नापास झालो ते तुमच्या मनातनं कवा जाणार हाय?”

त्यांचा हात थांबला. मग ते माझ्याकडे न बघता बोलले.

“मी एका पोराला पेटीतनं घरी आणला हुता. कडेगावच्या अंगाचा. माझ्याच तुकडीतला. त्याच्या बापानं मला एवढंच इचारलं, शेवटाला जेवला हुता का? मला सांगता आलं न्हाई.” त्यांनी तेलाची वाटी उगाच इकडून तिकडे केली. “तू दोरीला अडलास, तवा मी घरी येऊन मारुतीला नारळ फोडला. कुणाला सांगायचं हे? फौजी माणूस, आन् पोरगं नापास झालं म्हणून नारळ फोडतोय.”

आता इथे माझा गळा भरून यायला हवा होता. मला राग आला. भयंकर राग आला. एवढी वर्षं मी मान खाली घालून वावरलो, लग्नकार्यात फौजी पाहुण्यांच्या पंगतीला बसलो नाही, आणि या माणसाने नारळ फोडला होता? मी पाय ओढून घेतला आणि आत निघून गेलो. बायकोने विचारलं तर तिच्यावरही खेकसलो.

पुढचे चार दिवस पोटरी बरी होत गेली आणि मी बिघडत गेलो. पळायचं कारणच उरलं नव्हतं. बूट कोपऱ्यात दिसले तरी चीड यायची. कुणाला काय दाखवायचं आता? पाचव्या दिवशी पहाटे पडून राहण्याचा कंटाळा आला म्हणून उठलो, बूट घातले आणि कालव्यापर्यंत हळूहळू जाऊन आलो. पोटरी बोलली नाही. मनात काही थोर विचारही आला नाही. बरं वाटलं, एवढंच. परत आलो तेव्हा आबा ओट्यावर होते. म्हणाले, “सातारला मीबी येतो.” मी म्हटलं, “या.” त्या दिवसानंतर आमचं पहिलं बोलणं ते.

साताऱ्यात पस्तीस किलोमीटरपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. चढ चढलो, उतार सांभाळून उतरलो. मग पोटरीने हिशोब मागितला. शेवटच्या किलोमीटरला तर पाय टाकला की कळ डोक्यापर्यंत जायची. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, टाळ्या, शिट्ट्या, हलग्या. मला लंगडताना बघून सगळेच ओरडायला लागले, “पळा, पळा! आलंच! थांबू नका!” मी परत दात खाल्ले. माझी तीच खोड. मोडला तर मोडू दे पाय, म्हणून मी वेग वाढवणार, तेवढ्यात त्या गलक्यातून एक खरखरीत आवाज आला. परेडच्या मैदानावरचा, जन्मभर जवानांना पळवत आलेला आवाज.

“चालत ये रं!”

रस्त्याच्या कडेला आडव्या बांधलेल्या बांबूच्या पलीकडे आबा उभे होते. टोपी हातात, मान लांब केलेली. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे वळून बघत होते, कुणीतरी हसलंही. त्यांनी परत हाक मारली, “चालत ये. मी हाय हितं.”

मला रडू कोसळलं. मी पळणं सोडलं आणि चालायला लागलो. बांबूच्या पलीकडून, माणसांना कोपराने बाजूला सारत, तेही शेवटपर्यंत माझ्याबरोबर चालत आले.