तुळजाबाईचं न दिसणारं नुकसान

माले गावच्या तुळजाबाईला आयुष्यात कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. तापट म्हणायचे, हट्टी म्हणायचे, पाठीमागे आणखीही बरंच म्हणायचे, पण खोटारडी कधीच नाही. ती वेळ एका सर्व्हेअरनं आणली, आणि तीही गावानं बाईवर केलेल्या उपकारामुळे.

नवरा गेल्यावर बाईनं घरामागे ओळीनं चार खोल्या बांधल्या आणि त्यावर निळे पत्रे घातले. दुकानदार करड्या पत्र्यांवर सूट देत होता. "रोज मला बघायचंत, तुला न्हाई," असं त्याला सुनावून बाई निळेच घेऊन आली. गावात निळं छप्पर तिचं एकटीचं. एका खोलीत जुईली भाड्यानं राहायची. नांदेडची पोरगी, आयटीत नोकरी, निम्मं काम घरूनच. तिनंच मागे लागून लागून बाईला घराचा विमा काढायला लावला होता.

एप्रिलात एका दुपारी वादळ आलं आणि चौदा पत्रे उचलून, पिळून, शेजारच्या शेतात फेकून गेलं. जुईली नेमकी नांदेडला. वीज गेलेली, बाईचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली तेव्हा कुठे फोन लागला.

"काकू, मी कंपनीला कळवते," जुईली म्हणाली. "सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका. आहे तसं राहू द्या."

"बरं," म्हणत बाईनं वर पाहिलं. शेवटचा पत्रा ठोकून शेजारचा गेणबा शिडीवरून खाली उतरत होता.

आता यात कुणाला दोष द्यायचा? या भागात कुणाचं काम अडलं की इर्जिक होते. घरटी एक माणूस येतो, काम उरकतो, जेवतो आणि घरी जातो. मजुरीचं नाव काढणं म्हणजे त्याला शिवी देणं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वीस माणसं दारात उभी राहिली. गेणबानं म्हशींच्या नव्या गोठ्यासाठी आणलेले पत्रे उसने दिले, बाकीच्यांनी आपापल्या घरात पडून असलेले आणले. मोडके पत्रे तरी अंगणात राहावेत? तेही नाही. मोडकं ज्याला लागेल त्यानं न्यावं, हीसुद्धा रीतच. वर पंगत बसायची म्हणून बाईनं स्वतःच्या हातानं अंगण सारवून घेतलं. वादळाचा मागमूस म्हणून राहिला नाही.

जाताना गेणबा तेवढं हळूच म्हणाला, "वैनी, पावसाच्या आधी माजं पत्रं माघारी द्या बरं का. म्हशी भिजतील."

चौथ्या दिवशी कंपनीचा सर्व्हेअर आला. शैलेश त्याचं नाव. पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"छप्पर उडालंय ना तुमचं?"

"समदं उडालं, सायेब."

"मग हे वर काय आहे?"

"ह्ये गेणबाचं हाय."

"गेणबांच्या छपराचा विमा नाहीये, मावशी. तुमचं कुठंय?"

"गावात हाय की."

शैलेशनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते बाईनं वाचून दाखवायला लावलं. 'पाहणीत नुकसान आढळले नाही.'

बाईच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. "म्हंजी मी खोटं बोलतीया?"

"मी तसं म्हटलं नाही. मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

"मग चला. दावते."

बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साहेबाला पुढं घालून गावात निघाली. पण गावात तोवर बातमी पोचली होती, की फाइलवाला साहेब निळे पत्रे जप्त करत फिरतोय. बाईवरच्या प्रेमापोटीच लोकांनी भराभर पत्रे पेंढ्याखाली ढकलले. गेणबा तर न्हाणीच्या निळ्याशार दारासमोर उभा राहून बेधडक म्हणाला, "निळा पत्रा? आमी कदी बगितला बी न्हाई."

"भावजी, सरा बाजूला," बाई ओरडली. "त्यो तुमच्या पाठीमागंच हाय!"

गेणबा सरकला. शैलेशनं दाराचा फोटो काढला. मग उकिरड्यावर झाकलेला काढला, कोंबड्यांच्या खुराड्यावरचा काढला, पाण्याच्या मोटारीवर वाकवून घातलेला काढला. गोजराबाईनं आपल्या वाटणीच्या पत्र्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. फोटो कुरडयांचाच आहे अशी तिची पक्की समजूत झाली. तिनं वाकड्या झालेल्या कुरडया नीट केल्या, पदर घेऊन स्वतः शेजारी उभी राहिली आणि वर साहेबाला वाटीभर चीक खायला लावला. उन्हात शैलेशचा इस्त्रीचा शर्ट पार पाठीला चिकटला होता, तरी वाटी त्यानं चाटूनपुसून संपवली.

चौदावा पत्रा एका गोठ्यामागं सापडला. शैलेश खूण करणार तोच बाईनं त्याचा हात धरला.

"ह्यो नका लिवू. ह्यो आदीच फुटल्याला. माकडं नाचायची ह्याच्यावर. वाऱ्याच्या नावावर कशाला घालायचा?"

शैलेशनं तो पत्रा गाळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत वाढवून सांगणारे त्यानं पायलीचे पन्नास पाहिले होते. कमी करून घेणारी ही पहिलीच.

"आणि मजुरी? बसवायची मजुरी किती दिली?"

"इर्जिकीला कसली मजुरी? अंगावर येतील लोकं!"

तो ओट्यावर बसला. मघाची ओळ त्यानं खोडली, शेजारी सही केली आणि खाली नवी ओळ लिहिली. "तेरा पत्र्यांचे पैसे मिळतील, मावशी. पावसाच्या आत मिळतील, मी स्वतः बघतो."

"काय लिवलं त्ये वाचा. जोरात वाचा, समद्यांना ऐकू जाऊ द्या."

एव्हाना अर्धा गाव मागे जमला होता. शैलेशनं घसा खाकरला. "वादळामुळे श्रीमती तुळजाबाई यांच्या घराचे मोठे नुकसान झालेले आहे."

बाईनं ते ऐकलं, ओट्याच्या कडेला मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. कुणाला काही कळेना. वादळाच्या दिवशी डोळ्यांत टिपूस न आणलेली बाई.

"आवो वैनी," गेणबा गडबडून गेला, "सायबानं मंजूर केलं न्हवं? मग आता का रडताय?"

"मग कदी रडू?" बाई हुंदके देत त्याच्यावरच खेकसली. "छप्पर गेलं, तवा सकाळच्याला तुमी वीसजण येऊन हुबं राह्यलात. भाकरी थापू का रडू? लई हौसंनं घेतलं होतं वो ते निळं पत्रं."