फुटक्या कपाचे तुकडे

सकाळी लेकीच्या हातून चहाचा कप फुटला. तुकडे वेचताना एक तळहातावर घेऊन बघत बसले आणि थेट तेव्हाच्या औरंगाबादेतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचले.

तिथले अटेंडंट रहीमचाचा गंगापूरहून एसटीनं यायचे. कँटीनमधले फुटके कप ते जपून ठेवायचे आणि बारीक ठेचून ऊर्ध्वपातनाच्या चंबूत टाकायला द्यायचे. ते तुकडे असले की द्रव न उसळता शांतपणे उकळतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी नेमकी तेच टाकायला विसरले. चंबू चांगला तापल्यावर आठवलं, तशी घाईनं बूच काढून तुकडे टाकायला वाकले. चाचांनी मागून मनगट धरलं.

"आत्ता नको, बेटा! लई तापलंय. तापल्यावर टाकलं की एकदम उसळून तोंडावर यील. गार होऊ दे आधी."

त्यांनी बर्नर बंद केला आणि चंबू निवेपर्यंत माझ्याजवळून हलले नाहीत. मी मात्र घड्याळ बघत मनातून त्यांच्यावरच चिडले होते. प्रयोग अर्धवट राहिला, मार्क गेले. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

"एका कपासाठी रडतेस, आई?" म्हणत लेकीनं माझ्या गालाला गाल लावला.

हा गाल धड राहिला, त्याबद्दल चाचांना थँक्यू म्हणायचं माझ्याकडून राहूनच गेलं.