दोन निळ्या केबल

नवी केबल पिशवीतून काढली, की तिच्या प्लास्टिकच्या वासाबरोबर मला तंजावूरच्या राजवाड्यामागची ती कोंदट खोली आठवते. आमच्या मराठी घरांतले मोडी कागद तिथे स्कॅन होऊन सर्व्हरवर जायचे, आणि सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत मी दोन निळ्या केबल टाकल्या होत्या, एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. दुसरा स्विच यायचा होता, तोवर दोन्ही नेटवर्कच्या एकाच स्विचमध्ये, म्हणजे केबल जोडायच्या डबीत, खोचल्या आणि विसरलो. एका निवृत्त मास्तरांनी आपल्या घरचे कागद स्कॅन झाल्यावर विचारलं, "पार जीर्ण झालेत रे, आता कावेरीत सोडू?" मी ऐटीत म्हणालो, "सोडा मामा, दोन वाटा ठेवल्यात, काही जात नाही." त्यांनी हळदकुंकू वाहून कागद सोडले. आठवड्याने स्विच जळाला, दोन्ही केबल एकदमच मेल्या, आणि सगळे स्कॅन जिच्यात होते ती सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन, चालू कामात स्टोरेज तुटल्याने बिघडली ती पुन्हा उघडलीच नाही. बॅकअप तर अजून घेतलाच नव्हता. मास्तरांनी काळा पडदा पाहिला. मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "परवाइल्ले, असू दे रे. मला कुठं मोडी वाचता येत होतं? नातू शिकेल म्हणून ठेवले होते." आता मी प्रत्येक केबल बोटाने शेवटच्या टोकापर्यंत चाचपत जातो. नातू मोडी शिकला, असं परवा कळलं.